पंडिता रमाबाई : सेवेचा शोध

ईश्वराची सेवा करावी, शेजाऱ्यावर प्रीति करावी, हें ख्रिस्ती उपासनामंदिरांत दर रविवारीं सांगितलें जातें. सोमवारीं सकाळीं त्या शेजाऱ्यासाठीं नेमकें काय करावयाचें, हा प्रश्न मात्र ज्याचा त्यानें सोडवावयाचा असतो. पंडिता रमाबाईंस तो सोडवावयास कित्येक वर्षें लागलीं, आणि त्यापायीं त्यांनीं स्वकीय व परकीय या दोघांचाहि रोष पत्करला.

१८८३ मध्यें त्या इंग्लंडला गेल्या त्या वैद्यक शिकण्याच्या हेतूनें. आईबाप दुष्काळांत गेलेले, पति बिपिनबिहारी मेधावी आदल्याच वर्षीं वारलेले, आणि पदरीं मनोरमा ही लहानगी. परंतु कानांनीं दगा दिला. ऐकूं कमी येऊं लागल्यामुळें वैद्यकाचा मार्ग बंद झाला. वाँटेज येथील मठांत राहत असतां त्यांस लंडनमधील फुलहॅमचा आश्रम पाहावयास मिळाला. समाजानें टाकून दिलेल्या स्त्रियांची शुश्रूषा तेथील भगिनी स्वतःच्या हातांनीं करीत होत्या. असल्या स्त्रियांसाठींहि कांहीं करतां येतें, हें रमाबाईंनीं तेथें प्रथमच पाहिलें.

२९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. परंतु बुद्धि गहाण टाकली नाहीं. त्या शाकाहारीच राहिल्या. अंडें घातलेलें पक्वान्नहि नाकारीत, तेव्हां हा अहंकार होय असा आक्षेप आला. क्रुसावर लॅटिन शब्दांऐवजीं संस्कृत हवेत, असाहि त्यांचा आग्रह. चेल्टनहॅम येथें त्या संस्कृत शिकवीत. पुरुष विद्यार्थ्यांस शिकविण्याची गोष्ट निघतांच हिंदुस्थानांतील बिशपांनीं हरकत घेतली. वडीलधाऱ्यांच्या आज्ञेंत देवाची इच्छा ओळखावी, असें सिस्टर जेराल्डिन यांचें सांगणें. एका पुरोहितवर्गाचें जूं कष्टानें उतरविल्यावर दुसऱ्याचें मानेवर घ्यावयाचें नाहीं, या आशयाचें उत्तर रमाबाईंनीं दिलें. सिस्टरबाईंची माया खरी होती, म्हणूनच हा वाद दोघींसहि जड गेला असावा.

११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन उघडलें. पुढें आनंदीबाई कर्वे झालेल्या गोदूबाई या तेथील अगदीं आरंभींच्या विद्यार्थिनी. सदनांत धर्म शिकवावयाचा नाहीं असें ठरलें होतें. तथापि स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळीं खोलीचें दार लावून घ्यावयास रमाबाई तयार नव्हत्या. मुली आपण होऊन येऊन बसत. सदन पुण्यास आल्यावर यावरूनच वादळ उठलें, आणि १८९३ मध्यें रानडे व भांडारकर यांनीं सल्लागारपद सोडलें. पालकांची भीति निराधार नव्हती. पुढें कित्येक मुलींनीं बाप्तिस्मा घेतला. परंतु रमाबाईंच्या दृष्टीनें उघड्या दारापेक्षां बंद दारांत लबाडी अधिक होती.

१८९६ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. उपाशी पोटानें रानोमाळ हिंडणें म्हणजे काय, हें रमाबाईंनीं लहानपणींच भोगलें होतें. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि मुलींना घेऊन आल्या. सुशिक्षित घरांतील विधवांसाठीं काढलेल्या संस्थेला हें मुळींच मानवणारें नव्हतें. या मुली निरनिराळ्या जातींच्या, रोगानें व भुकेनें खंगलेल्या. कित्येकींस अंग धुण्यापासून शिकवावें लागे. फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालावें म्हणून केडगांव येथें जमीन घेऊन ठेवलेली होती. पुण्यांत प्लेगच्या निर्बंधांमुळें जागा मिळेना, तेव्हां त्याच जमिनीवर मुलींना उतरविलें. तेंच पुढें मुक्तिसदन झालें. गुजरातच्या १९०० च्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली. विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना असे उद्योग निघाले. मनोरमाबाईंनीं अंध मुलींस बोटांनीं वाचावयास शिकविलें.

उतारवयांत रमाबाईंनीं आणखी एक काम अंगावर घेतलें. मराठी बायबलची भाषा खेड्यांतील बाईस कळत नाहीं, हें त्यांस रोज दिसत होतें. म्हणून त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि सगळ्या ग्रंथाचें सोप्या मराठींत भाषांतर करावयास बसल्या. खिळे जुळविणाऱ्या, पानें छापणाऱ्या सदनांतल्याच स्त्रिया. १९२१ मध्यें मनोरमाबाई वारल्या. काम थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंचें देहावसान झालें, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्यें बाहेर पडला.