हेरांच्या गेमची वाट पाहताना सापडलेला बडोदे खटला



आपल्या या समूहावर सयाजीराव महाराजांबद्दल भरपूर लिहिलं जातं. वाचनालयं, कलाभवन, कमाटीबाग, सक्तीचं शिक्षण. पण महाराज बडोद्याच्या गादीवर आले त्याच्या आधीच्या सहा-सात महिन्यांत या गावात काय झालं, यावर फारसं कुणी बोलत नाही. आमच्या घरात तर तो विषय निघाला की आजी उठून आत जायची. आज त्याच विषयावर लिहितोय, १८७४-७५ चा मल्हाररावांचा खटला. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. मी या खटल्यापर्यंत पोचलो तो एका कॉम्प्युटर गेममुळे, तेव्हा सुरुवात तिथूनच करावी लागेल.

साल २००९. मी मकरपुरा जीआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर शिकाऊ होतो. आमची चौघांची टोळी होती, दोघं मराठी, एक गुजराती, एक मल्याळी. भाषा सगळ्यांची खिचडी. सेकंड शिफ्ट सुटली की एसटी डेपोच्या बाजूला सेव-उसळच्या लारीवर जमायचं आणि रविवारी सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन काउंटर-स्ट्राइक खेळायचं. त्या वर्षी मात्र आमच्या तोंडी एकच नाव होतं, अल्फा प्रोटोकॉल. ऑब्सिडियन नावाची अमेरिकन कंपनी बनवत होती आणि सेगा काढणार होती. हेरगिरीवरचा रोल-प्लेइंग गेम. म्हणजे तुम्ही मायकेल थॉर्टन नावाचे एजंट. सौदी अरेबिया, रोम, तैपेई, मॉस्को असं फिरायचं, आणि प्रत्येक ठिकाणी कुणाशी कसं बोलायचं ते तुम्ही ठरवायचं.

आम्हाला वेड लागलं ते त्या बोलण्याच्या भागाचं. समोरचा माणूस बोलतोय तोवर काही सेकंदांत तुम्ही सूर निवडायचा, गोड, कामापुरता की दमदाटीचा. वेळ संपली की संपली. एकदा बोललेलं परत घेता येणार नाही, आणि समोरचा ते लक्षात ठेवणार. ज्याला आज सोडलं तो पुढे मदतीला येईल किंवा उलटेल. ज्याची माहिती पैसे देऊन घेतली त्याने तीच माहिती दुसऱ्यालाही विकलेली असेल. बीएसएनएलच्या नेटवर तीन मिनिटांचा ट्रेलर अर्धा तास लोड व्हायचा आणि त्यावर आम्ही आठवडाभर भांडायचो. "पण सांग ने, खोटं बोललेलं पकडलं गेलं तर?" "मग मिशन बदलेल ने यार." ऑक्टोबर २००९ मध्ये येणार म्हणून जाहीर झालेला गेम पुढच्या वर्षावर गेला, तेव्हा तर घरात कुणी आजारी असल्यासारखे चेहरे झाले होते आमचे.

असंच एकदा आमच्या ओट्यावर हे चाललं होतं. आजोबा आत पेपर वाचत होते. ते बाहेर आले आणि म्हणाले, "अरे, तुम्ही ज्याची वाट बघताय ते या गावात १८७४ सालीच होऊन गेलंय. रेसिडेन्सीतल्या पट्टेवाल्याने काय केलं ते वाचा आधी." आणि मग पुढचे तीन-चार रविवार आमचा कॅफे बंद आणि ओटा चालू.

आता खटला. नोव्हेंबर १८७० मध्ये खंडेराव महाराज वारले. मकरपुऱ्याचा राजवाडा त्यांनी त्याच वर्षी बांधला होता. आज तिथे हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, आणि आपण बाहेरूनच बघत जातो. त्यांचे धाकटे भाऊ मल्हारराव तेव्हा पादऱ्याला कैदेत होते, खंडेरावांच्या जिवावर उठल्याच्या आरोपावरून १८६३ पासून. तिथून त्यांना आणून कारभार सोपवला. खंडेरावांच्या राणी जमनाबाई गरोदर होत्या. त्यांना मुलगी झाली, आणि मल्हाररावांची गादी पक्की झाली.

१८७३ मध्ये कर्नल रॉबर्ट फेयर रेसिडेंट म्हणून आले. त्यांचं आणि मल्हाररावांचं पहिल्यापासून जमलं नाही. राज्यकारभाराबद्दल तक्रारी होत्याच. सावकार, सरदार, रयत, सगळ्यांच्या. कर्नल मीड यांच्या कमिशनने चौकशी केली आणि सरकारने मल्हाररावांना सुधारायला १८७५ अखेरपर्यंत मुदत दिली. दादाभाई नौरोजी त्या वेळी बडोद्याचे दिवाण होते. २ नोव्हेंबर १८७४ ला मल्हाररावांनी व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांना खलिता पाठवला की हा रेसिडेंट बदला.

आणि बरोब्बर आठव्या दिवशी, ९ नोव्हेंबरला सकाळी, फेयर फिरून आले. रोजच्यासारखा पपनसाच्या सरबताचा पेला टेबलावर होता. दोन-तीन घोट घेतले, मळमळलं, उरलेलं फेकलं. पेल्याच्या तळाशी काळपट गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी तो तपासला, मुंबईच्या रासायनिक तपासनिसांकडेही पाठवला. सोमल निघाला, आणि हिऱ्याची पूड असल्याचंही सांगितलं गेलं.

यानंतरची गोष्ट खरी हेरांची. मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर आपली माणसं घेऊन आले. अकबर अली, अब्दुल अली, गजानन विठ्ठल. रेसिडेन्सीच्या नोकरांची चौकशी सुरू झाली. पट्टेवाल्यांचा हवालदार रावजी रहमान पगाराच्या मानाने फारच खर्च करत होता, ते नजरेत आलं. डिसेंबरात तो फुटला. त्याने सांगितलं की मी रेसिडेन्सीतल्या बातम्या राजवाड्यावर पोचवत होतो, पैसे घेत होतो, आणि पुड्याही मला तिथूनच मिळाल्या. त्याच्या पट्ट्यात सोमलाची एक उरलेली पुडी सापडली. जमादार नरसूनेही कबुली दिली, आणि नंतर रेसिडेन्सीच्या आवारातल्या विहिरीत उडी घेतली. त्याला वर काढलं, तो वाचला. आया अमीनाने राजवाड्यात जाऊन आल्याचं सांगितलं. शेवटी खुद्द महाराजांचे खासगी कारभारी दामोदरपंत माफीचे साक्षीदार झाले.

जानेवारी १८७५ मध्ये मल्हाररावांना अटक झाली. २३ फेब्रुवारीला कॅम्पात कमिशन बसलं. त्यांच्यावरच्या आरोपांची मांडणी बघा: रेसिडेन्सीच्या नोकरांशी गुप्त संबंध ठेवले, त्यांना लाच दिली, रेसिडेंटवर हेर म्हणून त्यांचा वापर केला, आणि विषप्रयोग करवला. हेरगिरीचा आरोप कागदावर, शब्दासकट. आमचा मल्याळी मित्र हे ऐकून म्हणाला होता, "ये तो पूरा अल्फा प्रोटोकॉल है."

मल्हाररावांच्या बाजूने लंडनहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आणले होते. त्यांनी पट्ट्यातल्या पुडीवरच बोट ठेवलं. इतके दिवस गेल्यावर, खुनाचा पुरावा अंगावर बाळगत कोण फिरतो? ती पोलिसांनीच ठेवली नाही कशावरून? हिरे पुरवल्याचं ज्याच्याकडून वदवलं होतं तो जवाहिरा हेमचंद फत्तेचंद कमिशनपुढे उभा राहून आधीच्या जबानीवरून फिरला, माझ्याकडून ते जबरदस्तीने घेतलं म्हणाला. आणि आणखी एक गोष्ट बाहेर आली. फेयरसाहेबांकडेही त्यांचे स्वतःचे खबरे होते. भाऊ पुणेकर नावाचा गृहस्थ त्यांना गावातल्या, दरबारातल्या बातम्या आणून द्यायचा. म्हणजे राजवाड्याचे कान रेसिडेन्सीत आणि रेसिडेन्सीचे कान गावात.

कमिशनमध्ये सहा जण होते. तीन इंग्रज: सर रिचर्ड काउच, सर रिचर्ड मीड, मेलव्हिल. तीन हिंदी: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंग, सर दिनकरराव राजवाडे. इंग्रजांनी दोषी म्हटलं. हिंदी तिघांनी विषप्रयोग सिद्ध झालेला मानला नाही. तीन विरुद्ध तीन. सगळ्या देशाचं लक्ष इकडे होतं. बंगालीत अमृतलाल बसूंनी त्याच वर्षी 'हीरकचूर्ण' नावाचं नाटक लिहिलं, म्हणजे हिऱ्याची पूड. सरकारने मग वेगळीच वाट काढली. एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केलं, पण विषप्रयोगासाठी नाही, गैरकारभारासाठी. त्यांना मद्रासला नेलं, तिथेच १८८२ मध्ये ते वारले. इकडे जमनाबाईंनी २७ मे १८७५ ला कवळाण्याच्या बारा वर्षांच्या गोपाळरावांना दत्तक घेतलं. तेच आपले सयाजीराव.

आजोबांचं मत ठाम होतं. मल्हारराव दोषी. पैसे घेतल्याचं नोकर स्वतः सांगतात, आणखी काय पाहिजे? कारभार तर वाईट होताच. आजी इतकी वर्षं गप्प होती. पण त्या तिसऱ्या की चौथ्या रविवारी ती आत न जाता ओट्यावर येऊन बसली आणि बोलली. तिच्या माहेरचा एक पूर्वज त्या काळी वाड्यावर कारकून होता. त्याचा खटल्याशी काही संबंध नव्हता, साक्षीलाही कुणी बोलावलं नाही. पण पुढे भावकीतल्यांनी त्याला जन्मभर फितूर म्हणून हिणवलं. कुणी म्हणायचं हा राजवाड्याचा, कुणी म्हणायचं हा साहेबाचा. त्याच्या मुलींची लग्नं अडली. आजीच्या आईपर्यंत तो शब्द आला होता. "फितूर कोण ते ठरवणारे सगळे पैसे देणारेच होते," आजी म्हणाली. "घेणाऱ्याचं नाव राहिलं, देणाऱ्यांची पुस्तकं झाली."

त्या दिवशी आमच्या टोळीतलं भांडण बदललं. आधी आम्ही सगळे थॉर्टन व्हायला निघालो होतो, सूट घालून विमानातून उतरणारा. आता प्रश्न पडला की रावजीच्या जागी असतो तर? महिन्याच्या पगारावर संसार. एकीकडे महाराज, ज्यांच्या राज्यात तुझं घरदार. दुसरीकडे साहेब, ज्याच्या दारात तुझी नोकरी. दोघांनाही बातमी हवी. नाही म्हणायची सोय कुठे होती? आमच्यातला गुजराती मित्र म्हणाला, मी पैसे घेतले असते आणि फालतू बातम्या दिल्या असत्या. दुसरा म्हणाला, फालतू बातमी दिली की पुढच्या वेळी जास्त मागतात. यावर रात्रीचे साडेअकरा झाले. मला वाटतं, रावजीने बातम्या विकल्या हे खरं असावं. तेवढ्यावरून त्याने विष घातलं हे सिद्ध होत नाही, आणि महाराजांनी घालायला सांगितलं हे तर त्याहून नाही. दिनकरराव आणि शिंदे यांनी जी शंका घेतली ती जातभाईची बाजू म्हणून घेतली असं म्हणणारे आहेत. पण त्यांच्यासमोर जे आलं ते बघा: माफीच्या बोलीवर मिळालेल्या साक्षी आणि उलटलेला जवाहिरा. एवढ्यावर कुणाला दोषी म्हणायचं म्हणजे अवघडच.

गेम शेवटी २०१० च्या मे-जूनमध्ये आला. बग भरपूर होते, परीक्षणंही संमिश्रच आली. त्यातल्या संगीताच्या हक्कांची मुदत संपली म्हणून २०१९ मध्ये तो विक्रीतून गेला आणि २०२४ मध्ये पुन्हा आला. त्याचे चाहते अजून आहेत, मीही आहे. कारण बोलण्याची किंमत मोजावी लागते हे त्याने नीट दाखवलं. फक्त गेममध्ये ती किंमत नायक मोजतो. बडोद्यात ती हवालदार, जमादार, आया आणि कारकून यांनी मोजली, आणि काहींच्या नातवंडांनीही.

हल्ली नवा कुठला हेरांचा गेम येणार म्हटलं की माझा भाचा आणि त्याचे मित्र तसेच तावातावाने बोलतात. मी त्यांना एवढंच सांगतो की मुख्य एजंट कोण हे बघू नका, सरबत कोण बनवतंय ते बघा.

मंडळी, एक विनंती. दांडिया बाजार, रावपुरा, मांजलपूर, मकरपुरा, कुठेही राहत असाल, तुमच्या घरात त्या काळातल्या नोकरचाकरांच्या, कारकुनांच्या आठवणी सांगितल्या जात असतील तर लिहून ठेवा. महाराजांचे खलिते दफ्तरात आहेत, साहेबांचे अहवाल छापलेले आहेत. नरसू जमादाराने विहिरीत उडी घेण्याआधी घरी काय सांगितलं होतं, ते कुठल्याही दफ्तरात नाही. असलंच तर कुणाच्या तरी आजीकडे असेल.