ऑपरेशनआधी उपाशी का? एका नियमाची गोष्ट



आमच्या गटातल्या एका वहिनींचं पिशवीचं ऑपरेशन ठरलं होतं. दवाखान्यातून निरोप होता, "सकाळी उपाशी पोटी या." वहिनींनी उपाशी म्हणजे उपवास असं धरलं. पहाटे उठून वाटीभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली, वर कपभर दूध घेतलं. नर्सबाईंनी विचारल्यावर त्यांनी खरं ते सांगितलं आणि ऑपरेशन पुढं ढकललं गेलं. गाडीभाडं गेलं, दिवसाची मजुरी बुडाली, घरचे चिडले ते वेगळंच. वहिनी आम्हाला म्हणाल्या, "उपवासाचंच तर खाल्लं होतं. एवढ्यानं काय बिघडणार होतं?"

एवढ्यानं काय बिघडतं, हे नीट कळायला डॉक्टरांना शंभर वर्षं लागली. आणि ते कळलं बाळंतिणींमुळं. आज तीच गोष्ट सांगतो.

पूर्वी भूल नव्हती. चारचौघांनी दाबून धरायचं आणि डॉक्टरांनी कापायचं, अशी ऑपरेशनं व्हायची. 1846 साली अमेरिकेत बोस्टनच्या दवाखान्यात मॉर्टन नावाच्या दंतवैद्यानं सगळ्यांसमोर ईथर हुंगवून रोग्याला भूल दिली. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात डॉक्टर सिम्प्सन यांनी बाळंतपणाच्या कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली. लोकांना आकाश ठेंगणं झालं. दुखण्याशिवाय ऑपरेशन!

पण दोन-तीन महिन्यांतच एक वाईट बातमी आली. 28 जानेवारी 1848 रोजी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळच्या विनलाटन गावात हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची पोर पायाचं नख काढताना दगावली. रुमालावर क्लोरोफॉर्म घालून तिला हुंगवलं होतं. काही क्षणांत तिचे ओठ पांढरे पडले. घाबरलेल्या डॉक्टरांनी तिच्या तोंडावर पाणी मारलं, तोंडात ब्रँडी ओतली. ती उठलीच नाही. काहींनी दोष क्लोरोफॉर्मला दिला. सिम्प्सन म्हणाले, बेशुद्ध मुलीच्या तोंडात ओतलेलं गिळलं गेलं नसणार, त्यानंच ती गुदमरली. नेमकं काय झालं यावर वाद होत राहिला. पण सिम्प्सन यांचं म्हणणं महत्त्वाचं होतं. भुलेत असलेल्या माणसाचा घसा जाग्या माणसासारखा काम करत नाही.

ते कसं, हे आपल्या शरीरावरूनच बघू. घशात दोन वाटा आहेत. एक पोटाकडं जाणारी अन्ननळी, दुसरी फुप्फुसाकडं जाणारी श्वासनळी. दोन्हींची तोंडं शेजारी शेजारी. आपण घास गिळतो तेव्हा श्वासनळीवर झाकण पडतं. चुकून एखादं शीत तिकडं गेलंच, तर ठसका लागतो आणि ते बाहेर फेकलं जातं. ठसका हा आपला राखणदार आहे. पोटाच्या वरच्या तोंडालाही थैलीच्या नाडीसारखा आवळणारा स्नायू असतो, म्हणून खाली वाकलं तरी जेवण वर येत नाही.

भूल दिली की ही नाडी सैल पडते आणि राखणदारही झोपतो. पोटात अन्न असेल तर ते वर घशाशी येऊ शकतं आणि गुपचूप श्वासनळीत उतरतं. ना ठसका, ना खोकला. अन्न घट्ट असेल तर श्वासच अडतो. पातळ असेल तर पोटातलं आम्ल फुप्फुसात जातं. आंबट ढेकर आली की घशात कशी आग होते, ते आपल्याला ठाऊक आहे. तेच आम्ल नाजूक फुप्फुसात गेलं तर काय होईल!

नामांकित डॉक्टर जोसेफ लिस्टर यांनी 1883 साली लिहून ठेवलं की, क्लोरोफॉर्म देताना पोटात घट्ट अन्न नसावं, पण दोन तास आधी कपभर चहा किंवा मांसाचं पातळ सूप दिलं तर ते चांगलंच. घट्ट आणि पातळ यांतला हा फरक लक्षात ठेवा. गोष्टीत तो पुन्हा येणार आहे.

आता बाळंतिणींकडं येऊ. न्यूयॉर्कच्या एका बाळंतपणाच्या मोठ्या दवाखान्यात कर्टिस मेंडेलसन नावाचे डॉक्टर होते. त्यांनी 1932 ते 1945 या काळातल्या 44,016 बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या. त्या काळी तिथं बाळंतपणातही हुंगवून भूल देत. मेंडेलसन यांना आढळलं की, 66 बायकांच्या पोटातलं अन्न किंवा पाणी भुलेत फुप्फुसात गेलं होतं. त्यांतल्या दोघी घट्ट अन्न अडकून गुदमरून मेल्या. ज्यांच्या फुप्फुसात पातळ गेलं, त्यांना धाप लागली, अंग निळं पडलं. मग त्यांनी सशांवर प्रयोग केले. सशांच्या फुप्फुसात आम्ल घातल्यावर अगदी तशीच धाप लागली. आम्ल काढून टाकलेलं पातळ घातलं तेव्हा तसं झालं नाही. म्हणजे जाळणारं होतं ते आम्ल.

हे बाळंतिणींतच का दिसलं? पोटातलं बाळ जठराला वर ढकलतं, नाडी सैल होते. कळा सुरू झाल्या की अन्न पुढं सरकणं मंदावतं. सहा तासांपूर्वी जेवलेली बाईही भरल्या पोटाची असू शकते. मेंडेलसन यांचा लेख 1946 साली छापून आला. कळा सुरू झाल्यावर खायला देऊ नका, भूल जाणत्या माणसानंच द्यावी, असं त्यांनी सांगितलं.

पुढं हा नियम सगळ्याच ऑपरेशनना लागू झाला, आणि होता होता फार कडक झाला. "रात्री बारानंतर काही नाही, पाण्याचा थेंबही नाही." सांगायला सोपं, म्हणून तेच रूढ झालं. घट्ट-पातळचा फरक विसरला गेला. दुपारी ऑपरेशन असलेली म्हातारी माणसं, लहान लेकरं घोटभर पाण्यासाठी तळमळत राहिली.

1986 साली कॅनडातल्या माल्टबी नावाच्या डॉक्टरांनी ऑपरेशनच्या दोन-तीन तास आधी काही रोग्यांना 150 मिलिलिटर, म्हणजे साधारण एक लहान पेलाभर पाणी प्यायला दिलं आणि नंतर पोट तपासलं. पाणी प्यायलेल्यांचं पोट न प्यायलेल्यांपेक्षा जास्त भरलेलं नव्हतं. साधं पाणी लवकर पुढं जातं. अशा पुराव्यांवरून 1999 साली अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं नवे नियम काढले. पाणी किंवा कोरा चहा दोन तास आधीपर्यंत, बाळाला आईचं दूध चार तास आधीपर्यंत, वरचं दूध आणि हलकं खाणं सहा तास, तळलेलं किंवा मटण आठ तास. आज बऱ्याच देशांत थोड्याफार फरकानं हेच चालतं.

आता वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर आपल्यालाच देता येईल. पोटाला एकादशी कळत नाही. साबुदाणा, केळं, शेंगदाण्याचा लाडू हे सगळं घट्ट अन्नच. दूध पोटात गेलं की फुटून घट्ट होतं, म्हणून दुधाचा चहाही खाण्यातच धरायचा. मिश्री, तंबाखू, सुपारीही नको. कमरेत सुई देऊन ऑपरेशन होणार असलं तरी उपाशीच राहायचं, कारण मध्येच पूर्ण भूल द्यावी लागू शकते.

आणि अडल्या बाईचं सिझर अचानक करावं लागलं तर? तेव्हा डॉक्टर थांबत नाहीत. श्वासनळीत नळी घालून रस्ता सुरक्षित करतात, किंवा कमरेत भूल देतात. पण ती काय आणि कधी जेवली हे त्यांना ठाऊक हवं.

म्हणून तारीख ठरली की भूलतज्ज्ञांना दोन गोष्टी विचारा. शेवटचं खाणं किती वाजता, आणि पाणी किती वाजेपर्यंत. साखरेची, बीपीची गोळी चालू असेल तर तीही विचारूनच. दवाखाना जे सांगेल ते पाळा. लेकराचं ऑपरेशन असेल तर आजीनं मायेपोटी हळूच बिस्कीट दिलं नाही ना, हे बघा.

आणि चुकून खाल्लंच तर लपवू नका. "ऑपरेशन पुढं जाईल, घरचे ओरडतील" या भीतीनं खोटं बोललेली बाई भरल्या पोटी टेबलावर जाते. आमच्या वहिनींची मजुरी बुडाली, पण त्या खरं बोलल्या. आठ दिवसांनी पुन्हा गेल्या, ऑपरेशन नीट पार पडलं. आता गटाच्या मीटिंगमध्ये कुणाच्या ऑपरेशनचा विषय निघाला की त्याच आधी सांगतात, "उपाशी म्हणजे उपवास नव्हे गं बायांनो."