आबांचा वेलस्ली

आमच्या आबांना गोऱ्या सायबांचं कौतुक नव्हतं. फक्त आर्थर वेलस्लीचं नाव ते मानानं घेत, आणि तेही बैलांपायी. "त्याले बैल समजे," एवढंच म्हणत. दर्यापूरकडच्या आमच्या घरी पऱ्हाटी वेचून झाली, की रात्री भाकर, अंबाडीची भाजी, वर जवसाचं तेल; आणि मग ओसरीवर गोष्ट.

अडगावची लढाई ते आपल्याच वावरात झाल्यासारखी सांगत. 29 नोव्हेंबर 1803. भोसल्यांच्या तोफा सुरू होताच कंपनीचे काही शिपाई बिथरून मागं पळाले. जनरल वेलस्लीनं स्वतः पुढं होऊन त्यांना पुन्हा रांगेत आणलं. सांजेला भोसल्यांची फौज फुटली, आणि चांदण्यात घोडदळानं तिचा पाठलाग केला. पळालेला एक जखमी स्वार आमच्या कोठ्यात लपला होता, असं माय सांगायची. आबा त्यावर नुसते हसत.

म्हैसूरच्या अमृतमहाल बैलांवर वेलस्लीचा फार जीव. दाणावैरणीची सोय नसेल तर फौज लढत नाही, हे तो श्रीरंगपट्टणचा कारभार पाहतानाच शिकला असावा. आबांच्या गोष्टीत हेच बैल तोफा घेऊन गाविलगड चढत. पुढं माझ्या वाचनात आलं, की कर्नल स्टीव्हन्सनच्या जड तोफा दऱ्याखोऱ्यांतून बहुतेक वाट माणसांनीच हातांनी ओढल्या होत्या. ते ऐकून आबा हळहळले. "कोनाची लेकरं असतील रे बापा ते!"

15 डिसेंबरला गड पडला. किल्लेदार बेनीसिंग दरवाजाशी लढत मेला; आबांचा खरा जीव त्याच्यावर. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. नरनाळा, गाविलगड आणि लगतचा मुलूख भोसल्यांकडे राहिला, वर्धेच्या पश्चिमेचं बाकीचं वऱ्हाड निजामाला गेलं.

वेलस्ली 1807 मध्ये आयर्लंडचा मुख्य सचिव झाला, वॉटर्लूनंतर 1828 मध्ये पंतप्रधान. 1829 मध्ये कॅथलिकांना पार्लमेंटात बसू देणारा कायदा त्यानं स्वपक्षातल्यांचा रोष पत्करून मंजूर करवला. त्याच्या साऱ्या कारकिर्दीत मला हेच काम मोठं वाटतं, गाविलगडाहूनही. आबांना हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यांनी सुपारी कातरत सगळं ऐकलं आणि विचारलं, "मंग आपला सारा कोनाले गेला?"

निजामाला, म्हटलं. आणि 1853 मध्ये वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेल्यावर, पुन्हा इंग्रजालाच.