जंतुभक्षक विषाणू : रुग्णालय आणि शेत

फेलिक्स देरेल ह्यांचे नाव वैद्यकाच्या इतिहासात बॅक्टेरिओफाजचे, म्हणजे जंतूंना ग्रासणाऱ्या विषाणूचे, शोधक म्हणून घेतले जाते. त्यांची पहिली कीर्ती मात्र शेतीच्या क्षेत्रातील होती. मेक्सिकोत मरून पडलेल्या टोळांपासून त्यांनी एक जंतू वेगळा केला आणि पुढे अर्जेंटिना व ट्युनिशिया येथे टोळधाडींवर त्याच जंतूचा प्रयोग करून पाहिला. जिवाकरवी जिवाचे नियंत्रण ही कल्पना मनात घेऊनच ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आमांशाच्या संशोधनाकडे वळले. १९१७ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या टिपणात ह्या विषाणूला नाव मिळाले. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक ट्वॉर्ट ह्यांना तसाच प्रकार १९१५ मध्येच आढळला होता. परंतु त्याचे कारण कोणते, ह्याविषयी त्यांनी निश्चित मत दिले नाही.

१९१९ च्या उन्हाळ्यात पॅरिसमधील मुलांच्या रुग्णालयात हे द्रव्य प्रथम वापरण्यात आले. देरेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी ते स्वतः प्राशन केले, आणि नंतर तीव्र आमांशाने पीडलेल्या बारा वर्षांच्या मुलाला दिले. मुलगा बरा झाला. अशी हकीकत वाचणाऱ्याच्या मनावर तिची छाप पडल्यावाचून राहत नाही, आणि नेमका तेथेच घोटाळा होतो. कारण आमांशाचे बरेचसे रुग्ण औषधावाचूनही बरे होतात.

हिंदुस्थानातील पटकीच्या प्रयोगांत हाच दोष मोठ्या प्रमाणावर उतरला. १९२७ मध्ये देरेल येथे आले. पंजाबातील गावांत फाज मिळालेल्या रुग्णांपैकी सुमारे ७ टक्के, तर न मिळालेल्यांपैकी सुमारे ६३ टक्के दगावल्याची नोंद झाली. अंतर एवढे मोठे होते की संशयाला जागाच उरू नये. परंतु ह्या दोन गटांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. ते मुळात सारखे होते, असे म्हणण्यास आधार नाही. पुढे आसामात नौगाव जिल्ह्यात फाजचे वाटप करून हबीगंज उपविभागाशी तुलना करण्यात आली. पटकी ही एका वर्षी उसळणारी, तर दुसऱ्या वर्षी ओसरणारी साथ. तेव्हा अशा दोन प्रदेशांच्या आकड्यांवरून निर्विवाद निष्कर्ष निघणे कठीणच होते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनसाठी ईटन व बेन-जोन्स ह्यांनी १९३४ मध्ये केलेल्या समीक्षेने फाजचिकित्सेच्या प्रतिष्ठेला जबर धक्का दिला. तिबिलिसीच्या संस्थेत मात्र हे काम चालू राहिले. तिचे संस्थापक गिओर्गी एलियाव्हा ह्यांना १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीने ठार मारले, तरीही ते थांबले नाही.

वनस्पतिरोगशास्त्रज्ञांची स्थिती काहीशी निराळी होती. अमेरिकेत १९२४ मध्ये मॉलमन व हेमस्ट्रीट ह्यांनी कोबीच्या कुजीवर, तर १९२५ मध्ये कोटिला व कून्स ह्यांनी बटाट्याच्या काळ्या बुंध्याच्या रोगावर असे प्रयोग केले. १९३५ मध्ये थॉमस ह्यांनी स्टुअर्टच्या मर रोगाचा जंतू असलेल्या मक्याच्या बियाण्यावर फाजची प्रक्रिया केली. रोगाचे प्रमाण १८ टक्क्यांवरून १.४ टक्क्यांवर आले. शेतात एकाच बियाण्याचे दोन भाग करून एकावर प्रक्रिया करता येते आणि दुसऱ्यावर टाळता येते. कोणाच्या जिवाचा प्रश्न नसल्याने तुलना स्वच्छ होते. पण शेताने दुसरी अडचण उभी केली. पानावर पडलेला फाज उन्हाने व कोरडेपणाने लवकर निकामी होतो, आणि एक फाज जंतूच्या सर्व वाणांवर चालत नाही. त्यातच १९५० नंतर फळबागांत स्ट्रेप्टोमायसिनच्या फवारण्या सुरू झाल्या, आणि फाजकडे वळण्याचे प्रयोजन उरले नाही.

स्ट्रेप्टोमायसिनला न जुमानणारा, नाशपातीच्या करपा रोगाचा जंतू १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात आढळला. रुग्णालयांतही तीच कथा घडत होती. त्यानंतर फ्लोरिडात टोमॅटोवरील प्रयोगांत दोन साध्या गोष्टी फलदायी ठरल्या : फवारणी संध्याकाळी करणे आणि द्रावणात दुधाची भुकटी मिसळणे. २००५ मध्ये अमेरिकन शासनाने टोमॅटो व मिरचीसाठी फाजच्या एका उत्पादनाची नोंदणी केली.

फाज तग धरून राहतो की नाही, ह्या प्रश्नाची गाठ रुग्णालयाला उशिरा पडली. भाजलेल्या जखमांवरील एक युरोपीय चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. २७ रुग्णांची वाटणी ह्या वेळी रीतीप्रमाणे झाली होती. पण साठवणीत फाजची शक्ती घटली, आणि ठरलेल्या मात्रेच्या कित्येक हजारपट कमी मात्रा जखमेवर पोहोचली. प्रचलित उपचार अधिक परिणामकारक ठरला. हा पराभव फाजचा की बाटलीतील द्रावणाचा, हे त्या चाचणीवरून सांगता येत नाही.

प्रतिकाराच्या प्रश्नावर मात्र दोन्ही क्षेत्रे एकमेकांच्या जवळ येऊन ठेपली आहेत. येल विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखविले की एका विशिष्ट फाजपासून सुटका करून घेणाऱ्या स्युडोमोनास जंतूची प्रतिजैविक बाहेर फेकण्याची यंत्रणा बिघडते व तो पुन्हा औषधाला बळी पडतो. चीनमध्ये २०१९ मध्ये टोमॅटोच्या मर रोगावर अनेक फाज एकत्र वापरले असता रोग ८० टक्क्यांपर्यंत घटला, आणि फाजमधून वाचलेले जंतू स्पर्धेत दुबळे निघाले. टोमॅटोच्या वाफ्यांत हे एकाच वेळी पुष्कळ रोपांवर पडताळता आले. येलच्या निष्कर्षाला प्रथम प्रयोगनळीचा आणि मागाहून एकेका रुग्णाचा आधार मिळाला.