गृहकर्जासाठी बँक कधी शोधावी?

नांदेड-लातूरकडे अनेकदा आधी घर पसंत पडते, इसार दिला जातो आणि मग बँकेची शोधाशोध सुरू होते. खरे तर घरे बघायला निघण्याआधीच दोन-तीन बँकांत चौकशी करून तत्त्वतः मंजुरी घ्यावी. पगार, विवरणपत्रे आणि सिबिल स्कोअर पाहून बँक किती कर्ज देईल ते सांगते. ही मंजुरी ठरावीक महिन्यांपुरतीच असते, म्हणून फार लवकरही घेऊ नये.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतचे कर्ज घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के मिळू शकते. म्हणजे ३० लाखांच्या फ्लॅटला किमान ३ लाख स्वतःचे लागतात. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च वेगळा.

पण तत्त्वतः मंजुरी माणसाला असते, घराला नाही. खरी अडचण तिथेच येते. दोन्ही शहरांच्या कडेला शेतजमिनीचे गुंठ्यांनी पाडलेले प्लॉट आहेत. एनए आदेश किंवा गुंठेवारी नियमितीकरणाचे प्रमाणपत्र नसेल, तर बँका सहसा कर्ज नाकारतात आणि दिलेला इसार अडकतो. त्यामुळे घर पसंत पडताच कागदांच्या प्रती बँकेच्या वकिलाला दाखवाव्यात. इसारपावतीत ‘कर्ज नामंजूर झाल्यास इसार परत’ अशी अट लिहून घ्यावी. तोंडी शब्दावर राहू नये.

बिल्डरकडून घेत असाल, तर नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागण्यास रेरा कायद्याने मनाई आहे.