वर्ड-एक्सेलमध्ये लपलेला ‘सर्च’: फाईलमधलं ‘उस्मानाबाद’ बदलून ‘धाराशिव’ कसं कराल?

उस्मानाबाद शहराचं नाव धाराशिव करण्यास केंद्र सरकारने २४ फेब्रुवारी २०२३ रोजी मंजुरी दिली. सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्हा आणि तालुक्याचंही नाव बदललं. पण कॉम्प्युटरवर साठवलेले अर्ज, लेटरहेड आणि याद्या आपोआप बदलत नाहीत. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्येच काही सुविधा दिलेल्या असतात.

कमांड सापडत नाही? मेनूमध्येच शोधा

हवी ती कमांड कोणत्या मेनूत आहे हे आठवत नसेल, तर तिचं नाव टाईप करून शोधता येतं.

• वर्ड, एक्सेल (२०१६ पासून पुढे): ऑल्ट + क्यू
• गुगल डॉक्स: ऑल्ट + स्लॅश
• लिब्रेऑफिस (७.२ पासून पुढे): शिफ्ट + एस्केप
• मॅक: ‘हेल्प’ मेनूमधला सर्च बॉक्स

मेनू इंग्रजीत असेल तर कमांडचं नावही इंग्रजीत लिहावं लागतं. इथे ‘रिप्लेस’ शोधा. विंडोजवर वर्ड आणि एक्सेलमध्ये त्यासाठी थेट कंट्रोल + एच दाबलं तरी चालतं.

एक्सेलमध्ये एकच शीट का बदलते?

एक्सेल सुरुवातीला फक्त समोरच्या शीटमध्ये शोधतं. भूम, परंडा, कळंब अशा तालुकानिहाय आठ शीट असतील, तर बाकीच्या सात तशाच राहतात. ‘ऑप्शन्स’वर क्लिक करून ‘विदिन’मध्ये ‘वर्कबुक’ निवडा.

शब्द दिसतो, पण सापडत नाही?

फाईल कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असू शकते. त्यात पडद्यावर ‘क’ दिसतो, पण आत इंग्रजी ‘डी’ साठवलेला असतो. त्यामुळे युनिकोडमध्ये टाईप केलेला शब्द जुळत नाही. अशा वेळी फाईलमधलाच शब्द कॉपी करून सर्च बॉक्समध्ये पेस्ट करा. बॉक्समध्ये तो विचित्र दिसला तरी शोध लागतो. नवा शब्दही त्याच फॉन्टमध्ये टाईप करून पेस्ट करावा लागतो.

‘रिप्लेस ऑल’ दाबण्याआधी

• आधी फाईलची एक कॉपी ठेवा.
• ‘उस्मानाबादेत’चं ‘धाराशिवेत’ होईल. अशी रूपं हाताने दुरुस्त करा.
• इंग्रजी स्पेलिंग वेगळं शोधा. पण ई-मेल किंवा वेबसाइटच्या पत्त्यातलं नाव बदलू नका, पत्ताच चुकेल.
• जुन्या दाखल्यातला किंवा आदेशातला मजकूर उद्धृत केला असेल, तर मूळ नाव तसंच ठेवा. नाहीतर तो मूळ कागदाशी जुळणार नाही आणि अर्ज अडकू शकतो.

म्हणून महत्त्वाच्या फाईलमध्ये ‘रिप्लेस ऑल’ऐवजी ‘फाइंड नेक्स्ट’ने एकेक ठिकाण तपासत जा. वेळ थोडा जास्त लागेल, पण नको तिथलं नाव बदलणार नाही.