कुत्रा-मांजर सहवास : पिंपरी-चिंचवड व चाकण पट्टा

घरात आधीपासून मांजर असताना नवा कुत्रा आणणे आणि दोघे एकाच छपराखाली निर्धोक राहावेत यासाठी घराची मांडणी, कुत्र्याची शिकवण व माणसांची देखरेख साधणे, हा या नोंदीचा विषय. पिंपरी-चिंचवड महापालिकेची हद्द आणि तिच्या उत्तरेला खेड तालुक्यातील चाकणचा औद्योगिक पट्टा, एवढ्या भागातील घरे येथे विचारात घेतली आहेत. दोघांची मैत्री व्हावी, ही अपेक्षा बाजूला ठेवलेली बरी. कुत्रा आल्यावरही मांजराला जेवण, पाणी, शी-शूचा ट्रे आणि झोपायची जागा यांपर्यंत न घाबरता जाता येत असेल, तर सहवास जमला असे समजावे.

या परिसरातील जुन्या शेतघरांत हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. कुत्रा अंगणात, गोठ्याशी किंवा खळ्यावर असे. मांजर चुलीपाशी आणि धान्याच्या कणगीभोवती. मध्ये उंबरठा होता, आणि तो कुत्र्याने ओलांडायचा नाही हे कुत्र्यालाही ठाऊक असे. वेळ आलीच तर मांजराला आढे होते, माळा होता, कौले होती. देवांच्या परिवारातही दोघांची घरे वेगळी आहेत : कुत्रा खंडोबाबरोबर, तर मांजर षष्ठीचे वाहन. आकुर्डीच्या खंडोबा माळाभोवती आज जी वस्ती आहे तिच्यात मात्र दोघेही एकाच हॉलमध्ये राहतात. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात एमआयडीसीचे भूखंड पडले, १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महापालिका झाली. १९९७ मध्ये मोशी, चिखली, रावेत, पुनावळे ही गावे हद्दीत आली आणि पुढे त्यांच्या शेतांवर सोसायट्या उभ्या राहिल्या. वन बीएचके, टू बीएचकेच्या या घरांत उंबरठा फरशीच्या पातळीला आला. आढे तर नाहीच. पुढे जे उपाय सांगितले आहेत, ते हा गेलेला उंबरठा आणि हे गेलेले आढे परत कसे उभे करावे याचेच आहेत.

प्राण्यांच्या बाजूने पाहिले तर परिस्थिती वाटते तितकी वाईट नाही. तेल अवीव विद्यापीठातील फॉयरस्टाइन व टर्केल यांनी कुत्रा आणि मांजर एकत्र असलेल्या घरांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. बहुसंख्य घरांत दोघांचे बरे चालले होते. मांजर सहा महिन्यांच्या आत आणि कुत्रा वर्षाच्या आत घरी आलेला असेल तर ते अधिक जमते, आणि मांजर आधी आलेले असणे हेही हिताचे ठरते, असे त्यांना आढळले. दोघांच्या खुणा उलट्या असतात. शेपूट हलवणारा कुत्रा बहुधा खुशीत असतो. शेपूट आपटणारे मांजर चिडलेले असते. तरीही लहानपणापासून एकत्र राहिलेले प्राणी एकमेकांच्या खुणा वाचायला शिकतात, आणि नाकाला नाक लावून ओळख करून घेण्याची मांजरांची रीत कुत्रेही उचलतात. नंतरच्या एका ब्रिटिश पाहणीत असेही दिसले, की दोघांचे नाते कसे होणार हे कुत्र्यापेक्षा मांजराच्या निवांतपणावर अधिक अवलंबून असते. आपल्याकडे घरोघरी सगळी तयारी कुत्र्यासाठी होते : नवा पट्टा, नवी गादी, नवे भांडे. मांजरासाठी काहीच बदलत नाही, आणि गाडे तिथेच अडते.

कुत्रा कोणता आणावा, याचा निर्णय फोटो पाहून होतो. तो व्हायला हवा स्वभाव पाहून. नजरेने सावज टिपून धावणारे कुत्रे, म्हणजे महाराष्ट्रात कारवान म्हणून ओळखला जाणारा मुधोळ किंवा त्याचे संकर, पळत्या मांजरामागे विचार न करता सुटतात; अशा जातीचा मोठा कुत्रा मांजराच्या घरात आणणे म्हणजे जोखीम पत्करणे होय. रस्त्यावरून उचललेले गावठी पिल्लू दोन-तीन महिन्यांचे असेल तर उत्तम, कारण पिलांचा ओळखी करून घेण्याचा काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत असतो. टोळीत वाढलेल्या मोठ्या कुत्र्याने पूर्वी मांजरे मारलेली असू शकतात. त्याला खाऊ घालणाऱ्यांकडे तशी चौकशी करावी. २००३ च्या मोबाइल जाहिरातीनंतर घरोघर पोचलेला पग मांजराला सहसा इजा करत नाही. उलट त्याचेच बटबटीत डोळे पंजाच्या टप्प्यात असतात, आणि नखाने बुबुळाला झालेली जखम घेऊन पग डॉक्टरकडे येतो.

घराची मांडणी कुत्रा येण्याच्या आधी आठवडाभर तरी बदलावी. पुण्याकडच्या फ्लॅटांत स्वयंपाकघराला लागून ड्राय बाल्कनी असते. ती मांजराची खोली म्हणून सोयीची वाटते, आणि बऱ्याच घरांत तीच दिली जाते. पण तिथे वॉशिंग मशिनचा धडधडाट असतो, एप्रिल-मेमध्ये भिंती तापतात, पावसाळ्यात झड आत येते. ट्रे ठेवायला ती ठीक आहे, राहायला नाही. शिवाय कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी मांजराच्या नखांना पुरत नाही. घाबरलेले मांजर ती फाडून डक्टमध्ये उतरते किंवा खाली पडते. तेथे धातूची बारीक जाळीच हवी. स्वयंपाकघर आणि ड्राय बाल्कनी मिळून एक भाग मांजराकडे ठेवणे अधिक चांगले. त्याच्या दाराला लहान मुलांसाठी मिळते तसले फाटक लावावे, आणि फाटकाखाली मांजरापुरती फट सोडावी. हा झाला उंबरठा. आढ्यासाठी फ्रिजचा माथा, कपाटावरची जागा, लॉफ्ट आणि भिंतीला ठोकलेल्या दोन-चार फळ्या यांची ओळ जुळवावी. जमिनीला पाय न लावता मांजराला हॉलमधून स्वयंपाकघरात जाता आले की अर्धे काम झाले. भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकू देत नाहीत. तेथे उंच स्टूल आणि रिकामे खोकेही चालतात. ट्रे कोपऱ्यात कोंडलेला नसावा. पळायला दोन वाटा नसतील तर मांजर तो वापरायचे सोडते.

कुत्रा घरी आणण्याचा दिवस ठरवताना पंचांगाआधी शिफ्टचा तक्ता पाहावा. पिंपरी-भोसरी भागात पुष्कळ कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते. अशा घरी बुधवारी संध्याकाळी कुत्रा आणला की पहिला पूर्ण दिवस माणूस घरात राहतो. चाकणकडे जाणाऱ्यांची शिफ्ट आठवड्याला बदलते, आणि तेथे वेगळी अडचण येते : नाईट करून आलेला माणूस दिवसा बेडरूममध्ये झोपतो, त्यामुळे ‘मांजराला बेडरूममध्ये ठेवा’ हा पुस्तकी सल्ला वन बीएचकेत चालत नाही. म्हणूनही स्वयंपाकघराचा भाग बरा. शिफ्ट कोणतीही असो, दोघांच्या जेवणाच्या वेळा न बदलणे आणि कुत्र्याला फिरवण्याचे काम घरातल्या दोघांनी वाटून घेणे आवश्यक आहे. बाहेर दमून न आलेला कुत्रा आपली ऊर्जा मांजरावर काढतो. गणेशोत्सवातील ढोल-ताशांचे दिवस आणि दिवाळीचा आठवडा मात्र टाळावा.

पहिले काही दिवस दोघांनी एकमेकांना पाहूच नये. एकाच्या अंगाखालचे फडके दुसऱ्याच्या जेवणाच्या भांड्याजवळ ठेवावे. मांजर गाल घासते ते फडके त्यासाठी उत्तम. फडक्याजवळ दोघेही निवांत खाऊ लागले की बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण द्यावे, मग फाटकाच्या. प्रत्यक्ष भेट त्यानंतर. कुत्रा पट्ट्याने हातात, मांजर मोकळे आणि उंचावर. मांजराला उचलून कुत्र्यापुढे धरणे हा पाहुण्यांसमोर हमखास होणारा प्रकार. त्यात ओरखडे माणसाला बसतात आणि मांजराचा विश्वास जातो तो वेगळाच. कुत्र्याने मांजराकडे पाहून पुन्हा माणसाकडे पाहिले की लगेच घास द्यावा. भेट दोन-पाच मिनिटांत, काही बिघडायच्या आत संपवावी. अशा भेटींना काही घरांत पंधरा दिवस पुरतात, काहींत चार महिने लागतात. घरात कोणी नसताना दोघांना वेगळे ठेवण्याचा नियम मात्र त्यानंतरही बराच काळ पाळावा.

भुंकणाऱ्या कुत्र्याची लोकांना भीती वाटते, पण त्याहून धोक्याचा असतो तो गप्प, ताठ, टक लावून पाहणारा कुत्रा, ज्याला हाक ऐकू येत नाही आणि घासही दिसत नाही. तो खेळत नसतो. पुढचे पाय टेकून मागचा भाग वर करणारा कुत्रा खेळायला बोलावतो. मांजराला ते पटेलच असे नाही. मांजराने फिसकारणे, शेपूट फेंदारणे, एखादा पंजा देणे हे संभाषण आहे, त्यासाठी त्याला रागावू नये. काळजी करायची ती शांत झालेल्या मांजराची. लॉफ्टवरून न उतरणारे, ट्रेबाहेर लघवी करणारे, अंग चाटणे सोडलेले मांजर ‘सवय होतेय’ म्हणून दुर्लक्षित राहते. दोन दिवस न जेवलेल्या मांजराच्या यकृतावर चरबी चढण्याचा धोका असतो. बोका वारंवार ट्रेमध्ये बसूनही लघवी होत नसेल तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. ही तातडीची बाब असून सकाळची वाट पाहू नये. घरच्या मांजराशी नीट वागणारा कुत्रा सोसायटीच्या पार्किंगमधील मांजरामागे धावतो, याचे नवल नाही. तो एका मांजराला ओळखतो, मांजर या जातीला नव्हे.

आरोग्याच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची सूचना गोचिडांच्या औषधाबद्दल आहे. कुत्र्याच्या मानेवर सोडायच्या काही थेंबांत परमेथ्रिन असते, ते मांजराला विषारी आहे. औषध कुत्र्याला लावले तरी त्याच्याशेजारी झोपणाऱ्या किंवा त्याला चाटणाऱ्या मांजराला झटके येऊ शकतात, म्हणून घरात मांजर आहे हे दुकानदाराला नव्हे, डॉक्टरला सांगून औषध घ्यावे. कुत्र्यातील पार्व्होचे काही प्रकार मांजरालाही होऊ शकतात. नवा कुत्रा दहा-पंधरा दिवस वेगळा ठेवण्याला तेही एक कारण आहे. मांजराच्या खाण्यात टॉरिन लागतेच, त्यामुळे त्याला कुत्र्याच्या पेडिग्रीवर ठेवता येत नाही. उलट दिशेने, मांजराचे खाणे कुत्रा आवडीने पळवतो आणि त्याचे पोट बिघडते; ट्रेमधली विष्ठाही खातो. खाणे आणि ट्रे दोन्ही उंच किंवा फाटकापलीकडे ठेवावेत. रेबीजची लस दोघांनाही. सोडवासोडवीत माणसाला दात किंवा नख लागले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन वायसीएमसारखे महापालिका रुग्णालय किंवा चाकणचे ग्रामीण रुग्णालय गाठावे.

चाकण, महाळुंगे, खराबवाडी भागातील पत्र्याच्या चाळींत एका खोलीत कुटुंब राहते. तेथे फाटक लावायला दुसरी खोलीच नसते. अशा ठिकाणी पत्र्याखालची फळी मांजराची आणि जमीन कुत्र्याची, एवढीच वाटणी शक्य असते. लहान पिल्लू असेल तर ती चालते, मोठा कुत्रा असेल तर बहुधा नाही. शेतवस्त्यांवर जागा भरपूर आहे, पण तिथे बिबट्या आहे. मार्च २०२२ मध्ये चाकणच्या मर्सिडीज-बेंझ कारखान्यात बिबट्या शिरला होता. वनविभाग व वाइल्डलाइफ एसओएसच्या पथकांनी त्याला बेशुद्ध करून पकडले. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के आढळला; मांजरेही त्यात होती. उसाच्या कडेने राहणारी कुटुंबे म्हणूनच रात्री कुत्रा आत घेतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या उंबऱ्याबाहेर राहिलेला राखणदार अंधार पडला की चुलीपाशी येऊन बसतो. ही रात्रीपुरती भेटच वस्तीवरच्या मांजराला अधिक जड जाते, कारण रोज दहा-बारा तासांनी ती नव्याने सुरू होते. रात्री कुत्रा आतल्या बाजूने दाराशी बांधणे आणि माळ्याची वाट मोकळी ठेवणे यापलीकडे तेथे काही लागत नाही.

कायद्याचा भाग थोडा आहे. महापालिका हद्दीत कुत्र्यासाठी परवाना काढावा लागतो. पाळीव प्राणी ठेवायलाच सोसायटीने बंदी करू नये, असे भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला घरमालकाचे मन मात्र स्वतःच वळवावे लागते. तीन-चार महिने नीट प्रयत्न करूनही मांजर खाली उतरत नसेल किंवा कुत्र्याची ती टक सुटत नसेल, तर दोघांपैकी एकासाठी, शक्यतो कुत्र्यासाठी, दुसरे घर शोधावे; त्याला घर मिळणे तुलनेने सोपे असते आणि मोठे मांजर जागा बदलल्यावर पळून जाते. तोवर दोघांना दारे बंद करून आळीपाळीने मोकळे सोडता येते. कुत्रा गाडीतून नेऊन तळेगाव रस्त्यावर किंवा एमआयडीसीच्या कंपाउंडबाहेर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे.